फ्लॉपीत मावलेलं आंगण

भुलाबाई बसल्या की आमच्या गल्लीत डबे वाजायला लागतात. भाद्रपदातल्या पुनवेला पोरी मातीच्या भुलाबाई-भुलोजी मांडतात, महिनाभर संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात आणि गाणी संपली की घरची बाई झाकण घट्ट लावलेला डबा हलवून विचारते, ओळखा खाऊ. आत शेंगदाणे आहेत की मुरमुरे की खोबऱ्याची वडी, ते नुसत्या आवाजावरून सांगायचं. लहानपणी या खेळात मी कधी हरले नाही. डबा पितळी की स्टीलचा, काठोकाठ भरलाय की तळाशी चार दाणे, हेही सांगायची. त्यामुळे लग्नानंतर वर्ध्यात रेकॉर्डिंगच्या कामाला हात घातला तेव्हा सासरच्यांना नवल वाटलं, मला अजिबात वाटलं नाही.

यंदाही डबे वाजले, ज्वारी निसवली, कपाशीची पहिली बोंडं उकलली, आणि कोजागिरी झाली तशा भुलाबाई गेल्या. काल विनोदभाऊजींचा नागपूरहून फोन आला. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, कॉम्प्युटरच्या नोकरीतले. म्हणाले, "वहिनी, ते फ्लॉपी सांभाळून हाय ना? तिची कॉपी करून ठेवजा बरं." मी म्हटलं, "काऊन? दसऱ्याले तर म्हणत होते का फेकून द्या." तिकडून नुसतं हसू आलं. भाऊजी एरवी चूक कबूल करणारा माणूस नाही, तेव्हा एवढं हसू मला पुरलं.

त्या फ्लॉपीत एक प्लगइन आहे. रेकॉर्डिंगच्या मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात बसणारा हा छोटा प्रोग्रॅम असतो. कोणी आवाजाची धार कमी करतो, कोणी आवाज भरदार करतो. आमचा घुमारा देतो. रिकाम्या देवळात हाक मारली की आवाज जसा मागे रेंगाळतो, ते. भाऊजींनी दसऱ्याला विचारलं होतं की जगात इतके नवे, इतके भारी प्लगइन आलेत, तर हा आठ वर्षांपूर्वीचा कशाला जपता? आता माझं उत्तर तयार आहे, पण ते सांगायचं तर आधी आमच्या गाद्यांपासून सुरुवात करावी लागते.

सत्त्याण्णव साली यांनी आमच्या कॅसेटच्या दुकानामागची खोली स्टुडिओसाठी रिकामी केली. कोणीतरी सांगितलं, भिंतींना मऊ काहीतरी लावा, नाहीतर आवाज भिंतींवर आपटतो. दुसऱ्या गावच्या लोकांनी घोंगड्या टांगल्या असत्या, जुनी सतरंजी ठोकली असती. आम्ही पडलो वर्ध्याचे. आमच्याकडे कशालाही काही कमी पडलं की कापूस भरतात. यांनी पिंजाऱ्याला बोलावलं आणि चारी भिंतींना, दाराला, एवढंच काय छतालाही वीतभर जाडीच्या गाद्या ठोकून घेतल्या. आठवडाभर घरात कापसाचे पुंजके उडत होते, वरणातसुद्धा. खोली झाली तेव्हा हे आत उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि म्हणत होते, "पाहा, काही ऐकू येतं का?" काही येत नव्हतं.

आवाज आपटेना हे खरं, पण तो उठेचना. सेलूकडची एक खंजेरी भजनी मंडळी आली. पहिल्याच भजनाला त्यांच्या म्होरक्यानं खंजेरी मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "बाई, इथं तर देवालेही ऐकू जाणार नाई." मी हसले, हे रागावले. गाद्या काढायचं नाव घेतलं की यांचं तोंड उतरायचं, म्हणून तो विषय मी सोडला. पुढे कॉम्प्युटर आला. मी टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळे कीबोर्ड आपसूक माझ्या वाट्याला आला आणि त्याच्यामागून सगळा स्टुडिओच.

दोन हजार एक साली भाऊजी नागपूरला कॉलेजात होते. तिथल्या एका सायबर कॅफेतून त्यांनी हा घुमाऱ्याचा प्लगइन आणला, एका फ्लॉपीत. कोणी फुकट वाटलेला. दिसायला करड्या रंगाची चौकट, तीन बटणं, बस्स. भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, एक नंबर चीज हाय." मी लावून पाहिला. घुमारा काही गुळगुळीत नव्हता. शेवटाकडे जरा खरखरायचा आणि मग एकदम तुटायचा. मी म्हटलं ठीक आहे, फुकटाला नावं कशाला ठेवा.

त्याच वर्षी माझ्या डोक्यात भुलाबाईच्या गाण्यांच्या कॅसेटचं खूळ शिरलं. नव्या सुनांना गाणी येत नव्हती, पोरींना दोन कडव्यांपुढे काही आठवत नव्हतं. हे म्हणाले, "भुलाबाईची कॅसेट कोण घेईल? घरोघरी फुकट ऐकू येते ते." मला कोणी असं म्हटलं की माझं ठरतंच.

गाणारी मात्र शोधावी लागली नाही. दोन गल्ल्या सोडून मंदा राहते, तिची आई गिरजाबाई कारंज्याजवळच्या खेड्यातून दर वर्षी भुलाबाईत लेकीकडे यायची. कपाशीच्या वेचणीला अवकाश असायचा तेवढे दिवस. मंदाच्या आंगणात मी तिला ऐकलं. गळा गोड नव्हता. भाकरीची करपलेली कड जशी खमंग लागते तसा काहीसा होता. पण मला धरून ठेवलं ते तिच्या थांबण्यानं. बाकीच्या बाया ओळीमागून ओळ रेटत जायच्या. गिरजाबाई ओळ संपली की थांबायची. आवाज समोरच्या भिंतीपर्यंत जायचा, परतायचा, विरायचा. मग ती एक टाळी द्यायची, ती वेचून वेचून राठ झालेल्या हातांची टाळी, आणि मगच पुढची ओळ. मधेच कोणी घाई केली की पंजा वर करून त्याला गप्प करायची. गावातल्या पाटलिणीलासुद्धा तिनं असं थांबवल्याचं मंदा सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला स्टुडिओत आणलं. काय सांगू, त्या गाद्यांच्या खोलीत तिनं दोन ओळी म्हटल्या आणि गप्प झाली.

"आवाज कुठं गेला माह्या?"

"आला ना, इथं कॉम्प्युटरात आला."

"तुह्या डब्यात आला असंल. मले वापस नाई आला." तिनं हात पाहिले. "टाळी कुठं देऊ मी? आवाज मरू तर दे. हा तर निंगताच मेला."

आणि ती उठली की. पदर खोचून म्हणाली, कारंज्याची गाडी कितीची असते. यांच्यापुढे एवढ्या फुशारक्या मारल्या होत्या, कॅसेटचं कव्हर कसं करायचं तेही ठरवून बसले होते. मी तिला हाताला धरून बसवलं, कानावर हेडफोन चढवले आणि तो करडा प्लगइन चालू केला. तिचा आवाज तिला थेट ऐकू जात होता, घुमारा मात्र कॉम्प्युटरातून फिरून येत होता. कॉम्प्युटर होता मठ्ठ. घुमारा यायचा तो जरा उशिरानंच. मला वाटलं आता ही आणखी चिडेल.

तिनं एक ओळ म्हटली. डोळे मिटले. घुमारा गेला, खरखरला, तुटला. तिनं टाळी दिली.

"हं," म्हणाली, "हे आंगन झालं."

तीन दुपारींत अकरा गाणी झाली. ती बसली की हेडफोनवर बोटानं दोनदा टकटक करायची, "आंगन लाव वं बाई." मी बटण फिरवायची, ती सांगायची, "लय मोठं नोको करू, तेवढं कोण सारवंल?" मी कमी करायची. "आता बरं झालं." एकदा यांनी दारातून डोकावून विचारलं, तुम्ही गाणं करून राह्यल्या की घर बांधून राह्यल्या. आम्ही दोघी त्यांना हाकलून द्यायचो. त्या तीन दुपारींचं ऊन, खोलीतला गादीचा कोंदट वास, मंदानं फडक्यात बांधून दिलेले उकडलेले भुईमूग, सगळं मला आज पाहिल्यासारखं आठवतं. मी आयुष्यात त्यापेक्षा सुखी होते की नाही कोण जाणे, पण तेव्हा फार सुखी होते.

एक गोष्ट सांगायची राहिली. आम्ही आवाज कोरडाच साठवतो. घुमारा गाणारीच्या कानात असतो, नोंदला जात नाही, शेवटी वरून चढवतात. त्यामुळे कॉम्प्युटरात होती ती कोरडी गिरजाबाई, तिच्या टाळ्यांसकट. आंगण वेगळं, त्या फ्लॉपीतलं. मी ते जसंच्या तसं चढवलं, कॅसेट निघाली आणि चांगली चालली. आर्वी, हिंगणघाट, पार आष्टीच्या बाजारातही लोकांनी ती नेली. यांनी पुन्हा कधी "कोण घेईल" म्हटलं नाही.

आता जुन्या-नव्याबद्दल माझं मत विचाराल तर स्पष्ट सांगते. जुनं म्हणून कवटाळणारी मी नव्हे. त्याच काळातला आवाजातली खरखर काढणारा एक प्लगइन होता, तो लावला की माणूस विहिरीत पडून बोलतोय असं वाटायचं. तो मी आनंदानं पुसून टाकला. तबल्याचा एक होता, तो तर ताटल्या विसळल्यासारखा. नव्यातले कित्येक इतके गुणी आहेत की लावले आहेत हेही कळत नाही. पण ही मंडळी तुलना करतात ती कशी? तोच आवाज घेतात, त्यावर आधी जुना लावतात, मग नवा लावतात, कोणता गोड ते पाहतात. गाणारा त्यांच्या लेखी आधीच गाऊन मोकळा झालेला असतो. गिरजाबाई तशी गायली नव्हती. ती त्या प्लगइनबरोबर गायली होती. त्याच्यासाठी थांबली होती, त्याचं ऐकून पुढं गेली होती. ते दोघांचं गाणं होतं. त्यातला एक काढून दुसरा बसवता येतो का? हे मी आज ठासून सांगते. दहा-बारा दिवसांपूर्वी मलाही हे कळलेलं नव्हतं.

या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंदा आली. गिरजाबाईला फाल्गुनात लकवा मारला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, हे मला माहीत होतं. मंदानं तिला इकडेच आणलं होतं. मी भेटून आले होते. गिरजाबाई खाटेवर बसून भिंतीकडे पाहत होती. मी थोडं बोलले आणि बापडी उठून आले.

मंदा म्हणाली, "वहिनी, सारे म्हणतात तिले काई समजत नाई. दादा तर तिच्यासमोरच बोलते का पुढचं दिवसपाणी कुठं कराचं, इथं का गावाले. ती तिथंच बसून राह्यते. मले नाई वाटत तिले समजत नाई म्हणून. डोळे पाह्यते ना मी. मले एकच पाहाचं हाय, ती आतमंधी हाय का नाई." तिनं पिशवीतून आमची कॅसेट काढली, फीत बाहेर लोंबत होती. "हे लावली, तर टेपनं चावून टाकली."

आमच्याकडची मूळ सीडी बुरशीनं खाल्ली होती, दुकानात एक कॅसेट शिल्लक नव्हती. पण जुन्या कॉम्प्युटरात कोरडा आवाज होता. भाऊजी सुटीवर आलेच होते. त्यांनी तो आवाज नव्या कॉम्प्युटरवर घेतला. तिथं आमचा जुना प्लगइन उघडेचना, ओळखच दाखवली नाही. तेव्हाच ते म्हणाले, फेकून द्या तो. मग त्यांनी त्यांचा नवा, मोठ्या दिवाणखान्याचा की कशाचा घुमारा लावला, हवेची सरसर काढली आणि सीडी केली. इतकं स्वच्छ वाटलं की बापा! मीसुद्धा मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी मंदा सीडी परत घेऊन आली आणि दुकानाच्या पायरीवर बसली.

"दादाचंच खरं हाय," म्हणाली.

काय झालं ते तिनं सांगितलं. सीडी लावली तशी गिरजाबाईची मान वळली. ओळ संपली, तिनं डाव्या हातानं खाटेच्या पाटीवर थाप दिली. थाप पडली आणि मग जरा वेळानं सीडीतली टाळी आली. पुढच्या ओळीला पुन्हा तेच, थाप आधी, टाळी मागून. तिसऱ्या ओळीनंतर तिनं हात उचललाच नाही. पदराखाली घालून ठेवला, तो ठेवलाच. "दादा हसला, वहिनी. म्हणे, बुढीले आता तालही नाई राह्यला."

मला असा संताप आला की विचारू नका. गिरजाबाईचा ताल चुकला? पाटलिणीला गप्प करणाऱ्या बाईचा? मी हेडफोन घातले आणि तीच सीडी लावून बसले. तिच्या जागी बसून ऐकायचं ठरवलं. डबा हलतोय आणि खाऊ ओळखायचाय, तसं. ओळ संपली, घुमारा निघाला, आणि लगेच मऊ होऊन संपला. माझा हात आपोआप टाळीसाठी उठला. टाळी आलीच नव्हती. ती यायला अजून अवकाश होता, मधे नुसती पोकळी.

झालं. नव्याचं आंगण लहान होतं. आवाज विरला की टाळी द्यायची, हे त्या बाईनं जन्मभर केलं, लकव्यानंतरही केलं. ती चुकली नव्हती. सीडी चुकली होती, आणि ती सीडी मी मान डोलावून दिली होती. माझ्यामुळे एका बाईनं आपला हात पदराखाली घातला होता.

भाऊजी म्हणाले, "मंग नव्यातच लांबवू ना, त्यात काय." लांबवलं. तासभर खटपट केली. पण नवा इतका हळुवार विरायचा की मेला कधी तेच कळेना. आमचा जुना गरिबाघरचा. शेवटी खरखरायचा आणि तुटायचा. ज्याला आम्ही आठ वर्षं त्याचा दोष समजत होतो, त्याच तुटण्यावर गिरजाबाई टाळी देत होती. भाऊजींनी नवा पुन्हा तीनदा ऐकला. मग स्वतःच जाऊन जुन्या कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून टाकलेली माझी साडी बाजूला केली.

पुन्हा सीडीचा भरवसा नको म्हणून कोजागिरीच्या दुपारी आम्ही गिरजाबाईलाच स्टुडिओत आणलं. भाऊजींनी आणि मंदाच्या भावानं तिला खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. भाऊ मोठा त्रासलेला होता. दारातच उभा राहून मला म्हणाला, "काऊन हा खटाटोप करून राह्यले तुमी? तिले कुठं समजते?" तिच्या डोक्यावरून बोलला, कपाटाबद्दल बोलावं तसा. मी गिरजाबाईचा पदर सारखा केला, कानावर हेडफोन चढवले. मंदाला ऐकू यावं म्हणून स्पीकर बारीक सुरू ठेवला. जुना कॉम्प्युटर गुरगुरत, धापा टाकत चालू झाला.

पहिली ओळ आली. गिरजाबाईचा आवाज, आठ वर्षांपूर्वीचा, धट्टाकट्टा. ओळ संपली. घुमारा गेला, खरखरला. तिचा डावा हात खुर्चीच्या हातावर पडलेला होता. माझं लक्ष त्या हाताशिवाय कुठंच नव्हतं. घुमारा तुटला, आणि हात पडला. टाळीवर टाळी, एकच आवाज. दुसऱ्या ओळीला तसंच. तिसऱ्या ओळीला तसंच. मंदानं पदर तोंडात धरला होता. मला रडू आलं, मी खुशाल रडले.

आणि चौथ्या ओळीला आमचा बिचारा कॉम्प्युटर दमला. प्लगइन बंद पडला, गाणं कोरडंच पुढं चाललं. मी माउसकडे धावले. पण त्याआधी गिरजाबाईनं डोळे उघडले, माझ्याकडे रोखून पाहिलं, डावा हात सावकाश कानापर्यंत नेला आणि हेडफोनवर बोटानं दोनदा टकटक केलं.

"लावते बाई, लावते," मी म्हटलं. "आंगणच लावते."

मंदाचा भाऊ दारातून आत आला होता. कधी आला मी पाहिलं नाही. तो आईच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहून बोलला. "माय," म्हणाला, "माय, मी हाव वं. वळखलं का मले?"

गाणं पुन्हा सुरू झालं होतं, ओळ नुकती संपत होती. गिरजाबाईनं पंजा वर केला आणि त्याला गप्प केलं. तो तोंड उघडं ठेवून तसाच थांबला. आवाज दूर गेला, खरखरला, तुटला. तिनं थाप दिली, आणि मग लेकाकडे पाहिलं.